दीड परार्ध आणि चमचाभर एरंडेल

मे महिना सरताना कोकणात पावसला आत्याकडे गेलं, की चहाच्या कपापाठोपाठ हातात काहीतरी काम येतं. आगोटीचे दिवस. आंब्याच्या पेट्या रवाना झालेल्या, खळ्यात कुळीथ नि चवळी ऊन खात पडलेली, आणि पडवीतल्या चटईवर वर्षाचे तांदूळ. गेल्या खेपेला माझ्या वाट्याला सूप आलं. दोन-चारदा पाखडलं, तोच कडेचा एक काळपट ठिपका चालायला लागला. बोट लावलं, तर सहाही पाय पोटाशी घेऊन निपचित पडला. मेला म्हणून सोडून दिला, तर थोड्या वेळाने उठून चालता झाला.

“सोंडा तो,” आत्या म्हणाली. “मेल्याचं सोंग घेतो, मेला!”

मग तिने एरंडेलाची बाटली आणली. चहाच्या चमच्याने मोजून तेल तळहातावर घेतलं आणि तांदूळ चोळायला बसली. किलोला एक चमचा. एवढ्या मोठ्या डब्याला वाटीभरसुद्धा तेल नाही! मला हसू आलं. एवढ्याशा तेलाने कुठला किडा मरणार?

“तेल किड्याला नाही रे लावत,” ती म्हणाली, “दाण्याला लावतात.”

तेव्हा हे बोलणं मी कानाआड केलं. रात्री वीज गेली, पंखा थांबला, झोप येईना, म्हणून मोबाइलच्या उजेडात कागदावर सोंड्यांचा हिशेब मांडला. तेव्हा त्या वाक्याची किंमत कळली.

२.१४

सोंडा तीन मिलिमीटरच्या आत-बाहेर लांब. वजन सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका ग्रॅमला आठशे सोंडे. लिनियसने १७६३ साली त्याचं नाव ठेवलं तेच तांदळावरून, ‘ओरायझी’. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवते. बाहेरून दाणा जसाच्या तसा. चार-पाच महिन्यांच्या आयुष्यात ती अशी तीन-चारशे अंडी घालू शकते.

१९४८ साली चार्ल्स बर्च या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने या किड्याचा संसार आकड्यांत मांडला. गव्हाच्या दाण्यांत, २९ अंश सेल्सिअस तापमानात आणि दाण्यात १४ टक्के ओलावा ठेवून त्याने पाहिलं, की कितव्या आठवड्यात मादी किती अंडी घालते आणि त्यांतली किती जगतात. एका मादीमागे पुढच्या पिढीत सुमारे ११३ माद्या. सगळं गणित करून एक आकडा उरला : २.१४. खायला भरपूर असेल, तर सोंड्यांची संख्या दर आठवड्याला २.१४ पट होते.

दुपटीहून थोडी जास्त, एवढंच. पण लावत चला. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाला, डब्यात एक मादी आहे असं धरा, आणि पुढेही फक्त माद्याच मोजा. चार आठवड्यांनी २१. आठ आठवड्यांनी ४४०. बारा आठवड्यांनी नऊ हजारांच्या वर. मृगापासून दसऱ्याच्या सुमारापर्यंत अठरा आठवडे होतात. तेव्हा ८ लाख ८६ हजार. सहा महिन्यांनी ३९ कोटी.

आणि वर्षाने? पंधरा आणि त्यापुढे सोळा आकडे, असं काहीतरी दिसायला लागलं आणि शून्यं मोजताना माझी गडबड झाली. शेवटी लहानपणी घोकलेली साखळी कामी आली : एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त दिलेली ही अठरा स्थानं. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. तिथे ही यादी संपते. एवढ्या मोठ्या संख्येचं व्यवहारात काय काम, असं शाळेत वाटायचं. काम निघालं ते तांदळाच्या डब्यात. एका सोंड्याची एका वर्षाची प्रजा : दीड परार्ध.

यातल्या प्रत्येक अळीला राहायला नि खायला एक दाणा लागतो. तांदळाचा दाणा वीस मिलिग्रॅमचा धरला, तर एवढ्या प्रजेला साधारण २९० कोटी टन तांदूळ हवा. साऱ्या जगात वर्षाला पिकणारा तांदूळ ५५ कोटी टनांच्या आसपास असतो. म्हणजे पाच जगांचा भात एका मादीच्या लेकी-नातींना. नर अजून मोजलेलेच नाहीत.

अर्थात असं होत नाही. डबा संपतो, गर्दी होते, दाण्याचा भुगा होतो, बुरशी येते आणि गणित मोडतं. पॉलिश केलेल्या तांदळात सोंड्याची वाढही गव्हापेक्षा काहीशी मंद असते. पण आपला डबा संपायच्या आत हे गणित कुठवर जाऊ शकतं, हाच घरातला प्रश्न असतो.

९५.५ टक्के

बर्चच्या हिशेबात आणखी एक आकडा आहे, आणि मला तो परार्धापेक्षा जास्त टोचला. अशा वेगाने वाढणाऱ्या सोंड्यांच्या वस्तीत पूर्ण वाढलेले, चालते-फिरते किडे असतात फक्त साडेचार टक्के. उरलेले ९५.५ टक्के म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष. हे सगळे दाण्याच्या पोटात.

म्हणजे सुपात एक सोंडा दिसला, तर एकवीस दिसत नाहीत. आपण पाखडतो, वेचतो, चाळतो, उन्हातून पळणारे किडे बघून समाधान मानतो आणि डबा पुन्हा भरतो. त्या डब्यात एकवीस-बाविसांश कुटुंब शाबूत परत जातं. तांदूळ धुताना काही दाणे पाण्यावर तरंगतात, ते याच कुटुंबाचे. आतून पोखरलेले, वरून पांढरेशुभ्र.

आता दसऱ्याचा आकडा पुन्हा घ्या. माद्या आणि नर मिळून सुमारे पावणेअठरा लाख. त्यांतले साधारण सतरा लाख दाण्यांच्या आत. किलोभर तांदळात पन्नास हजार दाणे धरले, तर चौतीस किलो तांदळाचा दाणा न् दाणा कुणाचं तरी घर झालेला. आणि डब्याचं झाकण उघडताच दिसणारे किडे : ऐंशी हजार.

साडेचार अंशांचा फरक

बर्चने हाच प्रयोग आणखी दोन तापमानांना केला. २३ अंशांना आठवड्याची वाढ २.१४ ऐवजी १.५४ पट झाली. ३३.५ अंशांना फक्त १.१३ पट. कागदावर फरक क्षुल्लक. अठरा आठवडे लावून पाहा :

२९ अंश : ८ लाख ८६ हजार.
२३ अंश : सुमारे २,४००.
३३.५ अंश : ९.

नऊ! साडेचार अंश जास्त ऊब, आणि लाखांचे नऊ.

कोकणातला पावसाळा २५ ते ३० अंशांत घुटमळतो. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि जुलैत भिंतीलाही घाम फुटेल अशी हवा. दाण्यातला ओलावा आपोआप चौदा टक्क्यांच्या वर. बर्चने सोंड्यासाठी प्रयोगशाळेत जे सुख मुद्दाम जुळवलं, ते रत्नागिरी तालुक्यात चार महिने फुकट मिळतं.

म्हणूनच चैत्र-वैशाखातलं ते ‘ऊन दाखवणं’. खळ्यात पसरलेलं कडधान्य भर दुपारी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. दाणा पन्नास अंशांच्या पुढे जाऊन काही तास तसाच राहिला, तर अंडी-अळ्याही वाचत नाहीत. आणि ओलावा जातो, तो पुढच्या पिढ्यांच्या पोटावर पाय. तांदळाला मात्र कडक ऊन चालत नाही, दाणा तडकून कणी होते. म्हणून तो पडवीत, आणि म्हणून त्याला एरंडेल.

गुणाकाराशी वजाबाकी

रात्रीच्या हिशेबातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. समजा, मृगाला मी डब्यातले ९० टक्के सोंडे मारले, अंड्यांसकट. अगदी जालीम औषधाने, एकदाच. दसऱ्याला काय दिसेल? ८ लाख ८६ हजारांच्या जागी ८८,६०० माद्या. एवढा पराक्रम केला आणि कमावलं काय, तर तीन आठवडे. दहापट कमी झालेली संख्या २.१४च्या वेगाने तीन आठवड्यांत पुन्हा जिथल्या तिथे येते. ९९ टक्के मारले, तर सहा आठवडे.

आता दुसरा उपाय. मारायचं कुणालाच नाही. पण दाण्यावर असं काही ठेवायचं, की दर पिढीत दहातलं एकच पिल्लू वाढीला लागावं. अंडं घालायला जागा आवडू नये, घातलं तर उबू नये, उबलं तर अळीची कात नीट पडू नये. ११३ माद्यांच्या जागी ११ झाल्या, की आठवड्याची पट २.१४ वरून दीडच्याही खाली येते. मग दसऱ्याला किती? साधारण १,१६०.

दोन्हीकडे ‘९० टक्के’च. एकीकडे उरतात ८८,६००, दुसरीकडे १,१६०. फरक एवढाच, की पहिला उपाय एकदा होऊन जातो आणि दुसरा डब्यात ठाण मांडून बसतो. गुणाकाराशी वजाबाकीने लढता येत नाही. पट खाली खेचावी लागते. किड्याला नाही, दाण्याला लावतात, ते यासाठी.

काचेचं चिलखत

वनस्पतींना हे गणित आपल्या आधी उमगलेलं आहे. त्यांना पळता येत नाही. जगात भुंगेऱ्यांच्याच चार लाखांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या असंख्य जाती पानं, खोडं नि बिया खाऊन जगतात. उलट बाजूला वनस्पतींनी बनवलेली दोन लाखांहून जास्त संयुगं आजवर माहीत झाली आहेत. कडू, उग्र, झोंबणारी, सुवासिक. आपण त्यांना मसाला म्हणतो, औषध म्हणतो; मुळात तो वनस्पतींचा शस्त्रसाठा आहे.

भाताने मात्र विषाऐवजी चिलखत पसंत केलं. तूस जाळलं, तर राहिलेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते, म्हणजे ज्यापासून काच होते तेच द्रव्य. तूस अखंड असेल, तर सोंड्याला दाण्यात शिरणं अवघड जातं. आपण भात गिरणीवर नेतो तेव्हा वीस टक्के वजनाचं तूस काढतो, आणि त्यासोबत दाण्याचं चिलखत. म्हणून जुनी घरं कणगीत किंवा पेंढ्याच्या मुड्यात भात ठेवत आणि लागेल तसं कांडत. वर्षाचा तांदूळ एकदम करून ठेवायची सोय झाली, तशी सोंड्यांचीही झाली.

कुळथाला, वालाला राख चोळायची रीत याच सिलिकेची. किड्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, मायक्रॉनहूनही पातळ. शरीरातलं पाणी तोच धरून ठेवतो. राखेचे कण तो खरवडतात, शोषतात, आणि किडा आतून वाळत जातो. वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं, की संपला. पण हवा दमट असली, तर राखेची धार जाते. म्हणून राख पाऊस यायच्या आत, कोरड्या दाण्याला, आणि भांड्याचं तोंड लिंपून.

साडेचार मायक्रॉन

आता तेल. हिशेबाला मूग सोयीचा, कारण दाणा जवळजवळ गोल. किलोभर मुगात २५ ते ३० हजार दाणे. सगळ्यांची कातडी काढून पसरली, तर सव्वा-एक चौरस मीटर जागा व्यापेल, म्हणजे साधारण जेवायच्या लहान टेबलाएवढी. चहाचा चमचा पाच मिलिलीटरचा. तेवढं तेल त्या टेबलावर सारखं पसरलं, तर थराची जाडी साडेचार मायक्रॉनच्या आत-बाहेर. आपला केस सत्तर मायक्रॉन. केसाच्या पंधराव्या हिश्शाएवढं तेल!

कडधान्यातल्या भुंग्याची गोष्ट सोंड्याहून निराळी. तो मोठेपणी काही खात नाही. आठवडा-दोन आठवडे जगतो, तेवढ्यात मादी ऐंशीच्या आसपास अंडी घालते, आणि ती दाण्याच्या बाहेर, सालीला चिकटवून. मुगावर दिसणारे पांढरे ठिपके ते हेच. त्यांतून तीस माद्या जगल्या असं धरलं, तर महिन्याने ३०, दोन महिन्यांनी ९००, तीन महिन्यांनी २७,०००. म्हणजे श्रावण-भाद्रपदापर्यंत किलोभर मुगातल्या दर दाण्यामागे एक मादी.

पण अर्ध्या मिलिमीटरच्या त्या अंड्याच्या एका टोकाला नरसाळ्यासारखी बारीक वाट असते. आतल्या जिवाचा हवेशी व्यवहार तिथून चालतो. साडेचार मायक्रॉन तेलाला ती वाट बुजवायला वेळ लागत नाही. विष नाही, वास नाही, निव्वळ बूच. नायजेरियातल्या इबादान इथल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय शेती संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७८ साली चवळीवर हे तपासलं. किलोला पाच मिलिलीटर शेंगदाण्याचं तेल, आणि १८० दिवस चवळी सुरक्षित. किलोला एक चमचा! आत्याने नायजेरिया नकाशावरही शोधलेला नाही, पण माप तेच.

२४, ३६, ४८

आत्याच्या डब्यात आणखी एक वस्तू असते : फडक्यात बांधलेला वेखंडाचा तुकडा. पोरांना उगाळून चाटवायचं ते वेखंड. त्याचा वास येतो बीटा-असारोन नावाच्या संयुगाचा. १९७७ साली जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या सक्सेना, कौल, टिक्कू आणि अटल या चौघांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं, की हे संयुग कीटकांना वांझ करतं, मादीचं अंडाशय आक्रसतं. किडा जिवंत, चालता-फिरता, पण पुढची ओळ कोरी. पट खाली खेचण्याचा याहून थेट मार्ग कोणता?

गंमत अशी, की सगळं वेखंड सारखं नसतं. या वनस्पतीचे गुणसूत्रांवरून प्रकार पडतात : २४, ३६ आणि ४८. चोवीस गुणसूत्रांच्या अमेरिकी वेखंडात बीटा-असारोन नसतंच. अठ्ठेचाळीसवाल्यात, जे आपल्याकडे बरंच आढळतं, तेलाचा सत्तर ते नव्वद टक्के भाग तेच असू शकतं. उंदरांवरच्या प्रयोगांत या संयुगाने कर्करोग झाल्याचं दिसलं, म्हणून अमेरिकेने १९६८ साली खाण्याच्या पदार्थांत वेखंडावर बंदी घातली. तेव्हा वनस्पतीचं म्हणजे निर्धोक, हा समज सोडलेला बरा. जे किड्याच्या पोटात शिरून काम करतं, ते आपल्या पोटातही शिरतं. वेखंड पुरचुंडीत असावं, भुकटी करून तांदळात नव्हे.

उतणारं घराणं

पावसच्या वाडीत हिंडताना याच शस्त्रसाठ्यातलं एक घराणं पावलोपावली भेटतं. आंब्याचा चीक लागला की कातडी भाजते. काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेल-राख माखून बसतात. बिब्बा उततो, हे तर सगळ्यांना माहीत. आंबा, काजू, बिब्बा हे तिघे एकाच कुळातले भाऊ, आणि धान्यात बिब्बे टाकून ठेवायची जुनी चाल आहे, ती उगाच नाही.

काजूबी पाहा. किलोभरात साधारण दीडशे बिया. त्यांतलं सातशे ग्रॅम टरफल. टरफलाच्या दोन पापुद्र्यांमध्ये मधाच्या पोळ्यासारखे कप्पे, आणि कप्प्यांत दाट, तपकिरी तेल, टरफलाच्या पाव हिश्शाएवढं. म्हणजे किलोला पावणेदोनशे ग्रॅम. त्यात साठ-सत्तर टक्के अ‍ॅनाकार्डिक आम्ल. बीच्या वजनाच्या दहाव्या भागाहून जास्त वजन एका शस्त्राचं! एवढी फौज कशासाठी, तर आतल्या दीड-दोन ग्रॅमच्या गरासाठी. भाजलं, की हे आम्ल कार्बन डायऑक्साइड सोडून दुसरंच संयुग होतं, आणि मगच हात धजावतात. या तेलावर किड्यांसाठी बरेच प्रयोग झाले आहेत, पण जे हाताची कातडी सोलतं ते खायच्या धान्याजवळ नेता येत नाही. ते बियाण्याचं काम.

७१ पायऱ्या

कडुनिंब हा देशावरचा गडी. जांभ्या दगडात नि मुसळधार पावसात तो फारसा रमत नाही. आत्याकडे त्याचा पाला आला, तर घाटावरून. पण आकड्यांच्या गोष्टीत तो राजा आहे.

१९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराची भुकटी पाण्यात कालवून पिकावर फवारली, लीटरला फक्त एक ग्रॅम. टोळधाड पिकावर उतरली, पण तिने पान तोडलं नाही. त्यामागचं मुख्य द्रव्य १९६८ साली इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात वेगळं झालं : अ‍ॅझाडिरॅक्टिन. चाऱ्यात कोटी भागांमागे एक भाग, म्हणजे दहा टनांत एक ग्रॅम, यापेक्षाही कमी प्रमाण असलं तरी वाळवंटी टोळ तोंड फिरवतो. जे खातात, त्यांची कात टाकायची व्यवस्था बिघडते, आणि अळी अळीच राहून मरते.

या रेणूत अणू ९५. त्यातले सोळा कार्बन असे, की प्रत्येकाची मांडणी डावी किंवा उजवी होऊ शकते. दोनचा सोळावा घात : ६५,५३६ शक्यता. झाडाला त्यातली एकच हवी असते, आणि ते दर वेळी तीच बनवतं. केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले यांच्या गटाने हा रेणू प्रयोगशाळेत बनवायला घेतला आणि तो पुरा झाला २००७ साली. लागली २२ वर्षं आणि ७१ पायऱ्या. हाती आलेलं उत्पन्न ०.०००१५ टक्के. दहा लाख रेणू घेऊन निघालं, तर मुक्कामाला पोचले दीड.

पुन्हा दीडच. एकीकडे दीड परार्ध, दुसरीकडे दहा लाखांत दीड. आणि बांधावरचं झाड, काचेच्या नळ्यांशिवाय नि अनुदानाशिवाय, किलोभर निंबोळीच्या गरात दोन ते सहा ग्रॅम भरून ठेवतं. पाल्यात मात्र ते अगदी थोडं असतं. डब्यात पाला टाकणारे बरेचजण शस्त्रागार सोडून रिकामी म्यान आणतात.

पाच कोटी लीटर

मग सरकारी गोदामांत एरंडेल का नाही? कारण इथे आकडे उलटतात. एक कोटी टन तांदळाला किलोमागे एक चमचा म्हणजे पाच कोटी लीटर तेल. वीस हजार लीटरचे अडीच हजार टँकर. दहा-दहा मीटरचे हे टँकर एकामागे एक उभे केले, तर पंचवीस किलोमीटरची रांग : रत्नागिरीतून निघून भाट्याचा पूल, गोळप, पावस ओलांडून पूर्णगडाच्या वाटेला लागेल. आणि एवढा तांदूळ हाताने चोळायला कुठल्या आत्या आणायच्या?

म्हणून तिथे फॉस्फिन. तीन ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याने एक ग्रॅम वायू सोडते, आणि घनमीटरभर जागेला एक-दोन ग्रॅम पुरतात. लवंग, निलगिरीसारख्या तेलांच्या वाफाही किडे मारतात, पण त्यांची मात्रा याच्या कितीतरी पट लागते, आणि धान्य ती शोषून घेतं. तरी फॉस्फिनही वजाबाकीच करतं. ते सर्वांना सारखंच विषारी आहे आणि घरात वापरायचंच नाही. शिवाय जे थोडे वाचतात त्यांची पिल्लं चिवट निघतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९७२-७३ मध्ये ८२ देशांत पाहणी केली, तेव्हाच ३३ देशांतले किडे या वायूला थोडेफार दाद देईनासे झाले होते.

चमचा गोदामाला पुरत नाही, हे खरं. पण गोदामातून धान्य शेवटी येतं ते कुणाच्या तरी वीस किलोच्या डब्यात. तिथे चमचा पुरतो.

तीन

दसऱ्याला पुन्हा पावसला गेलो. आत्याने डब्याचं झाकण काढलं आणि चार मुठी तांदूळ सुपात घेतले. मी आधीच वाकून बसलो होतो. काळे ठिपके तीन. पाय पोटाशी घेतलेले. सोंग असेल म्हणून बराच वेळ थांबलो; कुणी उठलं नाही. ऐंशी हजारांच्या जागी तीन. एका डब्यावरून काही सिद्ध होत नाही, झाकणही घट्ट होतं, हे मला कळतं. तरी सवयीने एकवीसने गुणून टाकलं.

आत्याला परार्धाचा हिशेब सांगितला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. श्रावणातल्या सत्यनारायणाला गुरुजी संकल्पात परार्ध म्हणतात तोच का, एवढं विचारलं. तो वेगळा, ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा अर्धा, असं मी म्हणालो. “मग ठीक,” म्हणाली. तेलाचा ओशटपणा जावा म्हणून तांदूळ कोमट पाण्याने दोनदा धुतले. दुसऱ्या पाण्यावर एक दाणा तरंगत वर आला, पांढराशुभ्र, अखंड दिसणारा. तिने तो बोटाने टिपला, परसात कोंबड्यांकडे भिरकावला, आणि आधण ठेवलं.